हक्क राखून ठेवलेले नाहीत असं छापणाऱ्या गांधीजींना शेवटी कॉपीराइट का घ्यावा लागला?

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. या वाटेवर रस्त्याच्या कडेला हरिपाठाच्या चोपड्या मांडलेल्या असतात. मुखपृष्ठ वेगळं, प्रकाशक वेगळा, अक्षराचा आकार वेगळा, पण आत अभंग तेच. आणि किंमत इतकी कमी की घेताना कुणी विचार करत नाही.

ही चोपडी स्वस्त का? कारण हरिपाठावर आज कुणाचीच मालकी नाही. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. कागद आणि छपाई परवडली की कुणीही छापू शकतो. एकाने भाव वाढवला, तर शेजारचा कमी भावात विकतो.

पण ही झाली शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कॉपीराइटचा कायदाच नव्हता. कायदा आल्यावर, तो आपल्या बाजूने असताना, स्वतःच्या पुस्तकावर हक्क राखून ठेवलेले नाहीत असं छापणारा लेखक कोण?

तर मोहनदास करमचंद गांधी.

गंमत म्हणजे याच गांधीजींनी पुढे आपल्या लिखाणाचा कॉपीराइट घेतला, एका संस्थेच्या नावावर केला आणि मृत्युपत्रातही तसं लिहून ठेवलं. म्हणजे त्यांनी तत्त्व सोडलं का? की आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही निर्णयांमागे कारण एकच होतं? हे समजून घ्यायचं, तर गांधीजींचं आयुष्य थोड्या वेगळ्या बाजूने बघावं लागतं. लेखक, संपादक आणि छापखानावाले गांधी म्हणून.

वकील छापखान्यात शिरला

२ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरमध्ये जन्म, लंडनमधून बॅरिस्टर, १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला रवाना. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण आफ्रिकेतल्या गांधींचा बराचसा वेळ कोर्टाइतकाच छापखान्यात गेला, हे फारसं सांगितलं जात नाही.

१८९८ मध्ये मदनजीत व्यावहारिक यांनी डर्बनमध्ये इंटरनॅशनल प्रिंटिंग प्रेस सुरू केली. १९०३ मध्ये याच छापखान्यातून इंडियन ओपिनियन हे साप्ताहिक निघालं. सुरुवातीला ते इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत असायचं. विषय एकच, आफ्रिकेतल्या हिंदी माणसांवर होणारा अन्याय.

पेपर तोट्यात होता. एक वेळ अशी आली की गांधीजी वकिलीच्या कमाईतून दर महिन्याला ७५ पौंड या पेपरमध्ये ओतत होते. बचत संपत चालली होती.

१९०४ मध्ये ते जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले. त्यांचे मित्र हेन्री पोलॉक यांनी प्रवासात वाचायला जॉन रस्किन यांचं अन टू धिस लास्ट हे पुस्तक दिलं. शेतकऱ्याचं, कारागिराचं आणि वकिलाचं काम सारख्याच मोलाचं आहे, हा विचार गांधीजींच्या डोक्यात बसला. त्यांनी लगेच छापखाना शहराबाहेर फिनिक्स इथल्या जमिनीवर हलवला. तिथे राहणाऱ्यांनी शेती करायची, पेपर छापायचा आणि सगळ्यांनी महिन्याला ३ पौंड घ्यायचे, अशी व्यवस्था लावली.

छपाईकडे बघण्याची त्यांची नजर इथेच तयार झाली. छापखाना हा नफ्याचा धंदा नाही. तो चालावा इतकेच पैसे त्यातून यायला हवेत, आणि जे छापलं जातं ते जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोचायला हवं. पुढे इंडियन ओपिनियनने जाहिराती घेणंही बंद केलं.

जहाजावर लिहिलेलं पुस्तक

१९०९ मध्ये आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची बाजू मांडायला गांधीजी लंडनला गेले. पदरात काही पडलं नाही. १३ नोव्हेंबरला ते किल्डोनन कॅसल या जहाजातून परत निघाले आणि जहाजावरच लिहायला बसले. जहाजाच्याच कागदांवर दहा दिवसांत सुमारे पावणेतीनशे पानं लिहून झाली. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हाताने लिहायचे. तेच हिंद स्वराज.

याच प्रवासात त्यांनी लिओ टॉलस्टॉय यांच्या एका हिंदू व्यक्तीला लिहिलेल्या पत्राचं गुजराती भाषांतर केलं. त्याआधी त्यांनी टॉलस्टॉय यांना पत्र लिहून विचारलं होतं की हे पत्र तुमचंच आहे ना आणि ते छापलं तर चालेल ना. त्याच्या २० हजार प्रती काढायचा विचार होता. टॉलस्टॉय यांची हरकत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण १८८१ नंतरच्या आपल्या लिखाणावरचा हक्क त्यांनी १८९१ मध्येच जाहीरपणे सोडून दिला होता. स्वतःच्या शब्दांवरची मालकी सोडता येते, याचं जिवंत उदाहरण गांधीजींसमोर होतं.

हिंद स्वराज आधी इंडियन ओपिनियनच्या डिसेंबर १९०९ च्या दोन अंकांत गुजरातीत आलं, मग पुस्तक निघालं. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. गांधीजींनी त्याच महिन्यात फिनिक्सच्या छापखान्यातून त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. त्याच्या शीर्षकाच्या पानावरच हक्क राखून ठेवलेले नाहीत अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापलेली होती.

या ओळीचा अर्थ साधा होता. कुणीही छापा, विका, भाषांतर करा, विचारायला येऊ नका. पुस्तकावर बंदी असेल, तर त्याला याहून मोठा आधार नाही. एक छापखाना बंद पडला तर दुसरा छापेल, आणि त्या दुसऱ्याला लेखकाच्या परवानगीसाठी थांबायला नको.

चार आण्याचं पुस्तक आणि पन्नास रुपये

या कल्पनेची खरी परीक्षा झाली मुंबईत, १९१९ मध्ये.

गांधीजी १९१५ च्या जानेवारीत भारतात परतले होते. १९१९ मध्ये इंग्रज सरकारने रौलट कायदा आणला. खटला न चालवता माणसाला तुरुंगात ठेवायची सोय त्यात होती. गांधीजींनी ६ एप्रिलला देशभर हरताळ पुकारला. सत्याग्रह करायचा म्हणजे कुठला तरी कायदा मोडायला हवा. पण असा कायदा, जो मोडताना कुणालाही इजा होणार नाही. ठरलं की बंदी घातलेली पुस्तकं उघडपणे छापायची आणि विकायची.

निवडली ती गांधीजींचीच पुस्तकं. एक हिंद स्वराज आणि दुसरं सर्वोदय, म्हणजे रस्किन यांच्या त्याच पुस्तकाचं त्यांनी केलेलं गुजराती रूपांतर. ६ एप्रिलच्या संध्याकाळी मुंबईच्या रस्त्यांवर विक्री सुरू झाली. गांधीजी एका मोटारीतून, सरोजिनी नायडू दुसऱ्या मोटारीतून. घेणाऱ्याला आधीच सांगितलं जात होतं की हे पुस्तक जवळ बाळगलं तर अटक होऊ शकते.

किंमत ठेवली होती चार आणे, म्हणजे पाव रुपया. पण चार आणे देऊन पुस्तक घेणारे फार थोडे निघाले. लोक खिशात असतील तेवढे पैसे पुढे करत होते. पाच आणि दहा रुपयांच्या नोटा येत होत्या. एकाने तर एका प्रतीसाठी पन्नास रुपये दिले. बघता बघता सगळ्या प्रती संपल्या. हा पैसा लढ्याच्याच कामाला जाणार होता.

सगळे अटकेची वाट बघत होते, पण अटक झालीच नाही. सरकारने पळवाट काढली. बंदी जुन्या आवृत्तीवर होती, ही तर नवी आवृत्ती आहे, त्यामुळे यात गुन्हा होत नाही, असा अर्थ सरकारने लावला. तुरुंगात जायला तयार झालेले कार्यकर्ते चक्क निराश झाले.

दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, गांधीजींनी सत्याग्रही नावाचं छोटं पत्र काढलं. त्याची सरकारकडे नोंदणी केली नव्हती, म्हणजे हासुद्धा कायदेभंगच. किंमत एक पैसा. त्यात वाचकांना एक विनंती होती. हे वाचा, हाताने उतरवून काढा, मित्रांना द्या आणि त्यांनाही उतरवून पुढे द्यायला सांगा. आज ज्याला आपण फॉरवर्ड करणं म्हणतो, ते काम गांधीजी तेव्हा दौत आणि टाकाने करून घेत होते.

आत्मकथेचा पेच

त्याच वर्षी नवजीवन आणि यंग इंडिया ही दोन साप्ताहिकं गांधीजींच्या हातात आली. नवजीवन गुजराती, यंग इंडिया इंग्रजी. दोन्हींत जाहिराती घ्यायच्या नाहीत, हा नियम कायम होता. अंक वाचकांच्या पैशावरच चालला पाहिजे, आणि वाचकांना तो नको असेल तर तो बंद पडलेला बरा, असं त्यांचं म्हणणं.

मार्च १९२२ मध्ये त्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि येरवड्याला धाडण्यात आलं. तेव्हा गुजराती नवजीवनची बाजू सांभाळणाऱ्यांत मूळचे साताऱ्याचे काका कालेलकर होते. सुटून आल्यावर स्वामी आनंद या सहकाऱ्याने आत्मकथेचा आग्रह धरला. नोव्हेंबर १९२५ पासून नवजीवनमध्ये दर आठवड्याला एक प्रकरण यायला लागलं. महादेव देसाई त्याचं इंग्रजी करत आणि ते यंग इंडियात येई.

आत्मकथा तुफान गाजली. इतर वर्तमानपत्रं प्रकरणं उचलून छापायला लागली. गांधीजींची त्याला मनाई नव्हती. आपण चालवत असलेल्या पेपरमधलं लिखाण ही सगळ्यांची मालमत्ता आहे, असं ते मानत. इतरांना बंदी करून आपला खप वाढवायचा हा विचारच त्यांना पटत नव्हता.

पण पेच आला अमेरिकेकडून. तिथले धर्मगुरू जॉन हेन्स होम्स यांनी युनिटी या नियतकालिकात आत्मकथेची प्रकरणं द्यायला सुरुवात केली. पुढे मॅकमिलन या मोठ्या प्रकाशन संस्थेला ती पुस्तकरूपात काढायची होती. पण जे कुणीही छापू शकतं, त्यात मोठा प्रकाशक पैसा घालत नाही. त्याला करार हवा असतो, हक्क हवा असतो. म्हणजे हक्क नाहीच म्हटलं, तर अमेरिकेतल्या वाचकापर्यंत नीट छापलेलं पुस्तक पोचायला अडचण होणार होती.

गांधीजी या कराराला तयार झाले. चार्ल्स अँड्र्यूज यांनी संक्षिप्त केलेलं आत्मचरित्र १९३० मध्ये बाहेर आलं. हक्क सोडला की पुस्तक आपोआप सगळीकडे पोचतं, हे नेहमीच खरं नसतं, याचा त्यांना आलेला हा पहिला अनुभव.

भारतात मात्र आत्मकथा नवजीवननेच काढली. मराठी अनुवाद केला सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांनी. कोकणात ज्यांना आपण अप्पासाहेब पटवर्धन म्हणून ओळखतो, तेच हे.

भाषांतर बिघडलं की माणूस बिघडतो

१९२९ मध्ये नवजीवन संस्थेचा रीतसर ट्रस्ट झाला. अध्यक्ष वल्लभभाई पटेल. विश्वस्तांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते, काका कालेलकर होते, महादेव देसाई होते. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील आणि तिची पत्रं जाहिराती घेणार नाहीत, हे ट्रस्टच्या कागदपत्रातच लिहून ठेवलं. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने जामीन मागितला. तो द्यायला नकार दिला म्हणून छापखाना जप्त झाला, तेव्हा अंक सायक्लोस्टाइल करून निघाले.

मग ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्यातून हरिजन सुरू झालं. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते आणि तिथूनच लिहीत होते. इंग्रजीच्या पहिल्या अंकाच्या १० हजार प्रती निघाल्या, किंमत एक आणा.

आता अडचण वेगळी होती. गांधीजींनी लिहिलेला प्रत्येक शब्द ही देशभर बातमी होती. अंक हातात पडला की वेगवेगळ्या भाषांतले पेपर घाईघाईत भाषांतर करून छापायचे. त्यात अर्थाचा अनर्थ व्हायचा. एखाद्या कवितेत एक शब्द चुकला तर रसभंग होतो. पण सत्याग्रह कधी करायचा, कुठे थांबायचं, हिंसा झाली तर काय करायचं, हे सांगणाऱ्या लेखात एक शब्द चुकला तर लोकांची डोकी फुटू शकतात. १९४० मध्ये तर महायुद्ध सुरू होतं आणि प्रत्येक ओळीला वजन होतं.

म्हणून १९४० मध्ये गांधीजींनी हरिजनमधून आपल्या लेखांच्या भाषांतराचे हक्क राखून ठेवल्याचं जाहीर केलं. आयुष्यभर ज्याने हक्क मागितला नाही, त्याने तो मागितला. पैशासाठी नाही, अर्थ शाबूत राहावा म्हणून.

त्याच वर्षीच्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या सगळ्या लिखाणाचे हक्क नवजीवन ट्रस्टला दिले. मुलांना नाहीत, नातेवाइकांना नाहीत. पुस्तकांच्या विक्रीतून जो निव्वळ नफा होईल, त्यातला २५ टक्के वाटा हरिजन सेवेच्या कामासाठी ठेवला.

वरवर बघितलं तर हा १९१० च्या उलट निर्णय. पण दोन्ही वेळचा हिशोब मांडून बघा. १९१० मध्ये धोका सरकारकडून होता. पुस्तक दाबलं जाणार होतं, म्हणून ते जितक्या हातांत जाईल तितकं बरं. १९४० मध्ये पुस्तक दाबलं जाण्यापेक्षा वाकडंतिकडं पसरण्याचा धोका मोठा होता. हक्क एका संस्थेकडे असले, की मजकूर कसा छापायचा आणि काय भावाने विकायचा हे ठरवणारं कुणीतरी असतं. आणि ती संस्था नफ्यासाठी चालत नसेल, तर हाच कॉपीराइट किंमत वाढवण्याऐवजी खाली ठेवायला वापरता येतो. नवजीवनने पुढे तेच केलं. आत्मकथा वर्षानुवर्षं खिशाला परवडेल अशा दरात विकली.

हाच प्रश्न आज फासे टाकून खेळतात

हा सगळा जुना इतिहास वाटत असेल, तर अलीकडचं उदाहरण खेळांच्या दुनियेतलं आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढे काय होणार ते ठरतं. खेळाला लागतं नियमांचं पुस्तक. २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या मालक कंपनीने यातले पायाभूत नियम खुल्या परवान्यावर दिले. नियम घ्या, स्वतःची गोष्ट लिहा, छापा आणि विका. फक्त कंपनीची खास नावं आणि पात्रं वापरायची नाहीत. हजारो छोट्या लेखकांचं पोट त्यावर चालायला लागलं. काहींनी तर आपल्या पुस्तकाची किंमत वाचकावरच सोडली. तुम्हाला वाटेल ते द्या. १९१९ च्या मुंबईत जे आपोआप घडलं, ते इथे विक्रीची पद्धत बनलं.

२०२३ च्या जानेवारीत बातमी फुटली की कंपनी हा परवाना बदलून मोठ्या कमाईवर वाटा मागणार आहे. जगभरातले खेळाडू भडकले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि खेळाचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली दिले. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही.

म्हणजे प्रश्न तोच. काय मोकळं सोडायचं, काय राखायचं, किंमत कोण ठरवणार, आणि उद्या मालकाचं मन बदललं तर काय? गांधीजींनी यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ट्रस्ट करून दिलं होतं. मालक एक माणूस नको, नफ्याची कंपनीही नको.

कायदा वाढला, गांधी सुटले

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट राहायचा. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. विश्वभारतीच्या हातून तो जाऊ नये म्हणून कायदाच बदलला आणि ५० ची ६० वर्षं झाली. त्याचा फायदा आपोआप गांधीजींच्या लिखाणालाही मिळाला.

ती ६० वर्षं २००८ च्या ३१ डिसेंबरला संपली. टागोरांसाठी एकदा कायदा वाकला होता, मग गांधीजींसाठी पुन्हा वाकवता आला नसता का? पण नवजीवनने मुदत वाढवून मागितली नाही. १ जानेवारी २००९ पासून गांधीजींचं लिखाण सगळ्यांसाठी मोकळं झालं. आता आत्मकथा कुणीही छापू शकतं आणि अनेक प्रकाशक छापतातही.

नवजीवनचा एकाधिकार गेला, पण त्यांची आवृत्ती अजूनही स्वस्तात मिळते. त्यामुळे दुसऱ्या कुणाला त्याच पुस्तकाचा भाव फार चढवून विकणं अवघड जातं. किंमत खाली ठेवायला आधी कायदा वापरला, आता त्यासाठी कायद्याचीही गरज उरलेली नाही.